सालेमच्या पोरी

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गावर माझा मराठीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून बसलेला. मोबाइल असणार म्हणून मी जवळ गेले, तर मांडीवर नारायण धारपांची 'लुचाई'. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला याहून मोठी खुशी कुठली? एरवी आमची मुलं मराठीचं पान समोर आलं की जोडाक्षराशी अडतात आणि उरलेला धडा अंदाजानं वाचतात. हा मात्र पानामागून पान उलटत होता. तरी रीत म्हणून पुस्तक काढून घेतलं आणि मधल्या सुट्टीत परत दिलं. तेव्हा त्यानं विचारलं, "टीचर, असं गाव खरंच असतं का? अख्खं गावच झपाटलेलं?"

मी म्हणाले, "नाही रे, गोष्ट आहे ती."

संध्याकाळी रिक्षात बसल्यावर मात्र वाटत राहिलं की उत्तर चुकलं. असं गाव होतं. त्या गावात भूत नव्हतं, चेटकीण नव्हती, सैतानही कुणी पाहिला नव्हता. होत्या त्या नऊ, अकरा, बारा, सतरा वर्षांच्या पोरी. माझ्या वर्गात बसतात त्याच वयाच्या. आणि त्यांच्या बोलण्यावर वीस माणसं जिवानिशी गेली.

'लुचाई'वर स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' या १९७५ च्या कादंबरीची दाट छाया आहे. किंगचं गाव अमेरिकेतल्या मेन राज्यातलं आणि पूर्ण काल्पनिक आहे. त्याचं मूळ नाव 'जेरुसलेम्स लॉट', लोकांच्या तोंडी झिजून 'सालेम्स लॉट' झालेलं. पण अमेरिकन वाचकाच्या कानावर 'सालेम' हा शब्द पडला की अंगावर काटा येतो, त्याला कारण खऱ्या सालेमचं आहे. लव्हक्राफ्टनं आपल्या भयकथांसाठी जे 'आर्कम' नावाचं गाव रचलं तेही सालेमवरूनच. अलीकडे किशोरांसाठी ज्या भयकादंबऱ्या निघतात, त्यात सालेमवरची दर काही वर्षांनी एक असतेच. छोटं गाव, जुनी घरं, नव्यानं आलेली एक मुलगी आणि गावानं दडवलेलं काहीतरी, हा सगळा साचा तिथूनच आला असं म्हटलं तरी चालेल.

नावाची एक गंमत सांगते. (आपल्या तमिळनाडूतल्या सेलमशी याचा संबंध नाही.) इंग्लंडहून आलेल्या कडव्या प्युरिटन लोकांनी हे नाव बायबलमधून उचललं. हिब्रूतल्या ज्या मुळापासून ते येतं त्याचा अर्थ शांती. आपण रोज एकमेकांना जो 'सलाम' करतो, तोही याच कुळातला. सलामतीचं गाव!

सालेम दोन होती. समुद्राकाठचं बंदर ते सालेम टाऊन. तिथे व्यापारी, जहाजं, पैसा. काही मैल आत शेतीवाडीत विखुरलेलं ते सालेम व्हिलेज, पाचसहाशे वस्तीचं. सगळं घडलं ते या आतल्या गावात सुरू झालं. गावाला स्वतःचं चर्च हवं होतं. ते मिळालं, पण पाद्री टिकेना. एकामागून एक तीन जण आले आणि पगारावरून, भांडणावरून निघून गेले. १६८९ मध्ये चौथा आला, सॅम्युअल पॅरिस. हा आधी बार्बाडोस बेटावर व्यापारात होता. तिथे जमलं नाही, मग धर्मोपदेशक झाला. येताना टिटुबा आणि जॉन नावाचे दोन गुलाम घेऊन आला. गावात पटनम घराण्याचा एक गट होता, पोर्टर घराण्याचा दुसरा. पटनम पॅरिसच्या बाजूचे. १६९१ च्या ऑक्टोबरात गावाच्या समितीवर विरोधी गटाची माणसं आली आणि त्यांनी पाद्र्याच्या पगारासाठी कर गोळा करायचाच नाही असं ठरवलं. जळाऊ लाकूडही मिळेना. मॅसेच्युसेट्सच्या हिवाळ्यात लाकूड नसणं म्हणजे काय ते आपल्याला इथं बसून कळायचं नाही. ज्यांनी मोहल्ल्यातल्या मशिदीच्या कमिटीचं राजकारण पाहिलंय, इमामसाहेबांच्या पगारावरून दोन गट पडलेले पाहिलेत, त्यांना मात्र हा भाग समजवायला नको.

पॅरिस दर रविवारी मिंबरावरून, म्हणजे त्यांच्या व्यासपीठावरून, सांगायचा की सैतान चर्चमध्ये शिरला आहे. घरात दोन लहान पोरी हे ऐकत होत्या.

१६९२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पॅरिसची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि तिच्याच घरात राहणारी अकरा वर्षांची नातलग ॲबिगेल विल्यम्स यांना झटके यायला लागले. अंग वाकडंतिकडं व्हायचं, किंचाळायच्या, कुणीतरी टोचतंय, चावतंय म्हणायच्या. औषधपाणी झालं, दुआ झाल्या, उपास झाले. डॉक्टरनं सांगितलं, हा आजार नाही, यात वाईट हात आहे. एका शेजारणीनं तोडगा सुचवला: राईचं पीठ पोरींच्या लघवीत मळून भाकर भाजायची आणि कुत्र्याला घालायची. टिटुबा आणि जॉननं ती भाजली. काय गंमत आहे बघा, चेटूक शोधायला चेटूक! भानामती उतरवायला जो देवऋषी बोलावला जातो त्याचंही हेच.

मग "कोण त्रास देतंय?" हा प्रश्न सुरू झाला. पोरींना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. एकोणतीस फेब्रुवारीला तीन बायकांवर वॉरंट निघालं. पहिली टिटुबा, गुलाम. दुसरी सारा गुड, दारोदार भीक मागणारी, पोटुशी, कुणी काही दिलं नाही की पुटपुटत निघून जाणारी. तिसरी सारा ऑस्बर्न, आजारी, वर्षभरात चर्चला न गेलेली. विधवा झाल्यावर तिनं आपल्याच घरच्या गड्याशी लग्न केलं होतं म्हणून आधीच गावाच्या नजरेतून उतरलेली. ही यादी मी वर्गात फळ्यावर लिहिली आणि नावं झाकून फक्त वर्णनं ठेवली. मुलांना विचारलं, आपल्या गल्लीत आळ आला तर आधी कुणावर येईल? त्यांनी जी उत्तरं दिली ती इथे लिहीत नाही.

एक मार्चला गावाच्या सभागृहात चौकशी झाली. सारा गुड नाही म्हणाली. ऑस्बर्न नाही म्हणाली. टिटुबा आधी नाही म्हणाली आणि मग हो म्हणाली. तिनं सगळं सांगितलं: काळ्या कपड्यातला उंच माणूस, पिवळा पक्षी, काठीवर बसून उडणं, आणि सैतानाचं एक पुस्तक ज्यात नऊ खुणा होत्या. तिला मारहाण झाली होती असं पुढे एका लेखकानं नोंदवलं. गुलाम बाई, समोर मॅजिस्ट्रेट, मागे मालक. तिनं त्यांना जे हवं होतं ते दिलं. पण त्या 'नऊ'नं घात केला. तिघी पकडल्या होत्या, म्हणजे सहा बाकी होत्या. आता गाव त्या सहांना शोधू लागलं.

(टिटुबाबद्दल एक सांगून पुढे जाते. सिनेमा-नाटकात ती आफ्रिकन दाखवतात, रात्री जंगलात पोरींना जादू शिकवणारी. कोर्टाच्या कागदांत तिला प्रत्येक वेळी 'इंडियन', म्हणजे तिथली आदिवासी, म्हटलं आहे. जंगलातल्या त्या नाचाचा कागदोपत्री काहीच पुरावा नाही. तिचं वर्णन पुढच्या शतकांतल्या लेखकांनी आपापल्या सोयीनं बदलत नेलं. ज्यांना स्वतः लिहिता येत नाही त्यांचा इतिहास असाच लिहिला जातो.)

झटके येणाऱ्या पोरी वाढत गेल्या. बारा वर्षांची ॲन पटनम, सतराच्या आसपासच्या मर्सी लुईस, एलिझाबेथ हबर्ड, मेरी वॉलकॉट. यातल्या काही मोलकरणी होत्या. मर्सी लुईसचे आईबाप मेनच्या सरहद्दीवर वाबानाकी लोकांशी चाललेल्या लढाईत मारले गेले होते, आणि ती पटनमांच्या घरात कामाला होती. एरवी या पोरींना कुणी विचारत नव्हतं. आता भर सभेत मॅजिस्ट्रेट त्यांच्याकडे बघत होते, म्हातारी माणसं त्यांच्या बोटाकडे बघत होती. पॅरिसनं आपल्या बेट्टीला मार्चमध्ये सालेम टाऊनला एका ओळखीच्या घरी पाठवलं. तिथे ती हळूहळू बरी झाली. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बाकीच्या पोरींनाही असंच चार घरी पाठवावं, वेगळं ठेवावं, असं कुणी केलं नाही.

इथं मला माझं सांगावं लागतं.

मी दहा वर्षांची होते. मराठवाड्यातल्या आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला एक खाला एकटी राहायची. शाळेबाहेर बोरं, चिंचा, गोळ्या विकायची. नवरा नव्हता, मूल नव्हतं, आणि तोंड फटकळ. पोरांनी बोरं उचलली की शिव्याशाप द्यायची. त्या वर्षी शेजारचा मुलगा आजारी पडला, खाल्लेलं टिकेना, डोळे ओढले गेले. त्याच्या आईनं म्हटलं, "किसी की नजर लगी है." मग खालाचं नाव निघालं. आदल्या आठवड्यातच तिनं त्याला हाकलून दिलं होतं. आम्ही पोरी अंगणात बसलो होतो. बायका बोलत होत्या आणि आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी म्हणाले, मी तिला रात्री त्यांच्या उंबऱ्याशी लिंबू पुरताना पाहिलंय.

मी काही पाहिलं नव्हतं. का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. इतकं आठवतं की सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. एकीनं जवळ घेतलं आणि विचारलं, "सच बोल बेटा, कितने बजे?" मी वेळही सांगितली. मग माझ्या मैत्रिणीलाही आठवलं की तिनंही पाहिलं होतं.

खालाच्या दारावर दगड पडले. तिची पाटी नालीत ओतली गेली. पंधरा दिवसांत तिचा भाचा येऊन तिला घेऊन गेला. मुलाला कावीळ झाली होती, पुढे तो बरा झाला.

सालेमकडे परत येते. तिथं दगडांवर थांबलं नाही, कारण तिथं कोर्ट होतं. शेजाऱ्याचा संशय आणि सरकारचा शिक्का एकत्र आले की काय होतं त्याचा हा नमुना आहे. वसाहतीची जुनी सनद १६८४ मध्येच रद्द झाली होती, नवी आलेली नव्हती. त्यामुळे मे महिन्यापर्यंत लोकांना पकडता येत होतं, खटला चालवता येत नव्हता. तुरुंग भरत गेले. सारा ऑस्बर्न बॉस्टनच्या तुरुंगात दहा मे रोजी मेली. सारा गुडची चार वर्षांची मुलगी डोरोथी, हो, चार वर्षांची, तिलाही चेटकीण म्हणून पकडलं होतं. तिला आठ-नऊ महिने साखळदंडात ठेवलं. तिची तान्ही बहीण तुरुंगातच मेली, आई जुलैत फासावर गेली. अठरा वर्षांनी बापानं सरकारकडे अर्ज केला, त्यात लिहिलं आहे की भीतीनं पोरीचा असा घात झाला की ती तेव्हापासून स्वतःला सांभाळू शकत नाही.

मे महिन्यात नवा गव्हर्नर विल्यम फिप्स नवी सनद घेऊन आला आणि त्यानं खास कोर्ट नेमलं. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन. कायद्याचा काथ्याकूट ज्यावर झाला तो मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. पोरी म्हणायच्या, अमक्या बाईची छाया येऊन आमचा गळा दाबते. ती बाई त्या वेळी आपल्या घरात झोपलेली असली तरी काही फरक पडत नव्हता, कारण आली ती छाया. ती छाया फक्त पोरींनाच दिसायची. आता सांगा, याचा इन्कार कसा करायचा? मी घरी होते याला साक्षीदार आणता येतो. माझी छाया घरी होती याला कोण साक्ष देणार? त्या काळच्या पाद्र्यांमध्येही यावर वाद होता. सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो, हे त्यातल्या शहाण्यांना पटत होतं. स्टॉटनला पटत नव्हतं. एका न्यायाधीशानं, नॅथॅनियल सॉल्टनस्टॉलनं, पहिल्या फाशीनंतर कोर्ट सोडलं. बाकीचे बसून राहिले.

पहिली फाशी १० जूनला, ब्रिजेट बिशपला. १९ जुलैला पाच बायका. त्यात रिबेका नर्स होती, सत्तरी ओलांडलेली, आजारी, कमी ऐकू येणारी, गावातली सर्वांत नेक समजली जाणारी बाई. एकोणचाळीस शेजाऱ्यांनी तिच्या बाजूनं सही केली. सही करणं म्हणजे पुढचं नाव आपलं, हे माहीत असताना केली. ज्यूरीनं तिला आधी निर्दोष ठरवलंही. पोरींनी आकांत केला. न्यायाधीशांनी ज्यूरीला विचारलं की तिच्या एका वाक्याचा पुन्हा विचार करा. ज्यूरीनं तिला त्या वाक्याचा खुलासा विचारला, ती गप्प राहिली. तिला प्रश्न ऐकूच आला नव्हता. त्या गप्पपणावर तिला फाशी झाली.

१९ ऑगस्टला आणखी पाच. त्यात जॉर्ज बरोज, याच गावचा जुना पाद्री. मर्सी लुईस पूर्वी त्याच्याच घरी कामाला होती. त्यानं फाशीच्या शिडीवर उभं राहून त्यांची मुख्य प्रार्थना एकही चूक न करता म्हटली. चेटक्याला ती म्हणता येत नाही अशी समजूत होती. लोक चुळबुळले, काही रडले. तेव्हा घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅथर या बॉस्टनच्या नामांकित धर्मपंडितानं लोकांना समजावलं की सैतान देवदूताचंही सोंग घेतो. फाशी झाली. २२ सप्टेंबरला शेवटचे आठ. त्याच्या तीन दिवस आधी ऐंशी वर्षांचा शेतकरी जाईल्स कोरी. तो कोर्टासमोर 'दोषी' की 'निर्दोष' हे बोलायलाच तयार झाला नाही. त्याला जमिनीवर आडवं करून अंगावर दगड रचत गेले. तो तसा मेला.

एकूण एकोणीस फाशी, चौदा बाया आणि पाच पुरुष. एक दगडाखाली. निदान पाच तुरुंगात. आरोप दीडशेच्या वर माणसांवर.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती एक गोष्ट. ज्यांनी गुन्हा कबूल केला ते वाचले. मी चेटकीण आहे, मी सैतानाच्या पुस्तकात सही केली, आणि अमकी-तमकीही माझ्याबरोबर होती, एवढं म्हटलं की फाशी टळत होती. पन्नासेक जणांनी असं म्हटलं. फासावर गेले ते नाही म्हणणारे. सॅम्युअल वॉर्डवेलनं कबुली दिली होती, मग ती खोटी होती म्हणून मागे घेतली, आणि तो लटकला. म्हणजे त्या एकोणिसांच्या हातात एक खोटं वाक्य होतं आणि त्या वाक्याची किंमत त्यांचा स्वतःचा जीव होता. त्यांनी ते म्हटलं नाही, कारण ज्या खुदासमोर जायचं आहे त्याच्यासमोर खोटं घेऊन कसं जायचं, हा त्यांचा साधा हिशेब होता. रिबेकाची बहीण मेरी ईस्टी हिनं मरण्यापूर्वी अर्ज लिहिला. मला मरायचं आहे हे मला माहीत आहे, माझ्यासाठी मागत नाही, पण यापुढे निरपराधांचं रक्त सांडू नये म्हणून या पोरींना वेगवेगळं ठेवून तपासा, अशी तिची विनंती होती. एवढी साधी गोष्ट एकाही विद्वान न्यायाधीशाला सुचली नव्हती.

ऑक्टोबरात कॉटन मॅथरच्याच बापानं, इन्क्रीझ मॅथरनं, लिहून सांगितलं की दहा संशयित सुटले तरी चालतील, एक निरपराध मरता कामा नये. तोवर आरोप वर चढत चढत गव्हर्नरच्या बायकोपर्यंत पोचले होते. फिप्सनं ते कोर्ट बंद केलं. यातलं कुठलं कारण खरं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. पुढच्या वर्षी नव्या कोर्टात छायेचा पुरावा चालेना, आणि बहुतेक सगळे सुटले. सुटलेल्यांना तुरुंगाच्या जेवणाखाण्याचे पैसे भरल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, हेही लिहून ठेवते. टिटुबाचे पैसे पॅरिसनं भरले नाहीत. तेरा महिन्यांनी कुणा अनामिकानं भरले आणि तिला घेऊन गेला. त्यापुढे ती कागदांतून नाहीशी होते.

असं का झालं, यावर ग्रंथांच्या राशी आहेत. १९७६ मध्ये लिंडा कॅपोरेल या संशोधिकेनं मांडलं की राईवर येणाऱ्या बुरशीनं पोरींना भास झाले असावेत. वर्तमानपत्रांना हे फार आवडतं, पण त्याच वर्षी त्याचं खंडन झालं, आणि बुरशी नावं सांगत नाही. बॉयर आणि निसेनबॉम यांनी गावाचा नकाशा काढून दाखवलं की आरोप करणारे बहुतेक पश्चिमेकडचे, पटनमांच्या बाजूचे, आणि आरोपी पूर्वेकडचे, बंदराकडे तोंड असलेले. मेरी बेथ नॉर्टन यांनी सरहद्दीवरच्या लढाईचं भय पुढे आणलं. ही दोन्ही मतं मला एकमेकांना पूरक वाटतात. आर्थर मिलरचं १९५३ चं 'द क्रुसिबल' नाटक प्रसिद्ध आहे, पण त्यानं अकरा वर्षांच्या ॲबिगेलला सतरा वर्षांची करून साठीच्या जॉन प्रॉक्टरशी तिचं प्रकरण जोडलं आणि प्रॉक्टरचं वय खाली आणलं. मिलरचा रोख त्याच्या काळात कम्युनिस्टांच्या नावानं चाललेल्या छळावर होता, तो समजतो. तरी एका मरण पावलेल्या पोरीवर घातलेला हा आळ मला आवडत नाही. तिनं केलं ते कमी होतं का?

आपल्याकडे हे सगळं दूरचं नाही. मराठवाड्यात भानामतीच्या नावानं बाया घुमत, भुंकत, आणि मग करणी कुणी केली त्याचा शोध सुरू होई. सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बायांना मारल्याच्या बातम्या येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी झगडत होते तो वटहुकूम म्हणून निघाला २०१३ च्या ऑगस्टमध्ये, त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांनी. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच माणसांना जमावानं ठार केलं. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. सारा गुडही भीकच मागत होती.

सालेममध्ये नंतर पश्चात्ताप झाला, तो हप्त्याहप्त्यानं. १६९७ च्या जानेवारीत न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल भर चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याची कबुली पाद्र्यानं वाचून दाखवली. ज्यूरीच्या बारा जणांनीही माफी मागितली. स्टॉटननं कधीच मागितली नाही. आणि पोरी? ज्यांची नोंद आहे त्यांत एकीनंच मागितली, ॲन पटनमनं. २५ ऑगस्ट १७०६ ला, सत्तावीस वर्षांची होत आलेली, आईबाप गेल्यावर धाकट्या भावंडांना वाढवणारी ॲन चर्चमध्ये उभी राहिली. रिबेका नर्सची माणसंही त्याच चर्चची होती. तिनं रिबेकाचं आणि तिच्या बहिणींचं नाव घेऊन माफी मागितली. सैतानानं मला भुलवलं, माझ्या मनात कुणाबद्दल राग नव्हता, असं म्हणाली. मी खोटं बोलले, असं नाही म्हणाली. कितीतरी लेखक यावरून तिला झोडपतात. मी नाही झोडपत. ती उभी तरी राहिली.

१७११ मध्ये सरकारनं बऱ्याच जणांवरचा कलंक पुसला आणि वारसांना भरपाई दिली. काही जण मात्र राहून गेले. त्यांतली एक एलिझाबेथ जॉन्सन, अँडोव्हर गावची, तेव्हा बावीस वर्षांची. तिला फाशी सुनावली होती, पण ती अमलात आली नाही. तिनं लग्न केलं नाही, मूल नव्हतं, म्हणून पुढच्या पिढ्यांत तिच्यासाठी बोलणारं कुणी उरलं नाही. १९५७ मध्ये माफी झाली, २००१ मध्ये आणखी नावं घेतली, तिचं तरी राहिलंच. कायद्याच्या दप्तरी ती ३२९ वर्षं दोषी होती. मग नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं आठवीच्या मुलांना हे प्रकरण दिलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनी कागद शोधले, विधेयकाचा मजकूर तयार केला, आमदारांना पत्रं लिहिली. २०२२ च्या जुलैत ती सुटली. तिच्यावर आळ घेणाऱ्याही याच वयाच्या होत्या.

हे सगळं मी नववीच्या मुलांना दोन तासांत सांगितलं, अभ्यासक्रम मागे पडला तो पडला. 'लुचाई'वाला मुलगा म्हणाला की यात भूतच नाही, मग भीती कसली? त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. एका मुलीनं विचारलं, "टीचर, त्या ॲनला माफ केलं का लोकांनी?" चर्चनं तिला सदस्य करून घेतलं, एवढं मी सांगितलं. नर्स घराण्याच्या मनात काय होतं ते कुठंच लिहिलेलं नाही.

त्या रात्री अम्मीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, ती बोरंवाली खाला, तिचा भाचा कुठल्या गावचा होता? अम्मीला गाव आठवलं. मग म्हणाली, "क्यों, इतने सालों बाद तेरे को उसकी याद कैसे आई?"

मी म्हटलं, असंच. अम्मीला अजून सांगितलेलं नाही.